कच्चा टाका

त्या घराण्यात साधं मरण कुणाला जमलंच नाही. अंथरुणावर पडून, जवळच्यांचा निरोप घेऊन, शहाण्यासारखा गेलेला एक माणूस आमच्या सात पिढ्यांत दाखवा, अशी तिचे बाबा पैज लावत. सात पिढ्या त्यांनाही माहीत नव्हत्या, जेमतेम चार होत्या. पण शिंप्याची टेप आणि शिंप्याची जीभ, दोन्ही जरा सैलच असतात.

पणजोबा शिडीवरून गेले. शेजारी म्हणाला, शिडी कच्ची आहे. ती पक्की असल्याचं दाखवायला पणजोबांनी वरच्या पायरीवर उभं राहून तीन उड्या मारल्या. शिडी पक्कीच होती. ती ज्या भिंतीला टेकवली होती ती भिंत कच्ची होती. बाबांची आत्या तर दोनदा गेली. पहिल्या वेळी सगळे गळा काढून रडत असताना ती उठून बसली आणि माझ्या पलंगावर चपला घालून कोण बसलंय म्हणून ओरडली. त्यानंतर नऊ वर्षं जगली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा रडायला कुणी तयारच होईना. दीड दिवस सगळे चपला बाहेर काढून, ती उठते का याची वाट बघत बसले होते. आजोबाही शिंपीच. डॉक्टरांनी त्यांना तीन दिवस दिले, तर ते म्हणाले, गिऱ्हाइकाचा कोट अर्धा झालाय, चार लागतील. चौथ्या दिवशी शेवटचं बटण लावलं, दोरा तोडायला दातांत धरला आणि संपले. कोट सोडवायला तो दोरा कुणी कापायचा यावर दोन मुलांत जुंपली. आणि आई, म्हणजे बाबांची बायको, हॉस्पिटलमध्ये चादर नीट करता करता गेली. नर्स म्हणाली, बाई, पडून राहा. आई म्हणाली, एवढा कोपरा खोचते. खोचला, आडवी झाली, आणि झालं. हा किस्साही बाबा हसतच सांगत. फक्त कोपरा खोचण्याची खूण करताना त्यांचा हात थोडा रेंगाळायचा.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," असा ते शेवट करत. "आमच्याकडे मेल्यावरही जात नाही. आमच्याकडे असंच जातात."

'आमच्याकडे असंच जातात' हेच नाव तिनं आपल्या फिल्मला दिलं होतं.

फिल्म बाहुल्यांची होती. वीतभर उंचीच्या बाहुल्या, आत तारेचा सांगाडा, वर स्पंज आणि कापड. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. दिवसभर मान मोडून काम केलं तर चार सेकंद.

"चार सेकंद?" बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. "अगं, चार सेकंदांत तुझे पणजोबा वरून खाली येऊन थंडसुद्धा झाले होते."

"म्हणजे त्यांच्यावर एक दिवस जाईल, बाबा."

"जाऊ दे. जिवंतपणी त्यांच्यावर कुणी एवढा वेळ घालवला नव्हता."

काम चालायचं ते बाबांच्या जुन्या दुकानात. वर घर, खाली दुकान, आणि दुकानाच्या बाजूनं घराचा जिना. बाबांनी दुकान बंद केल्यावर तिनं खिडक्यांना काळं कापड लावलं, बाहेरचा उजेड फोटोत बदलत राहू नये म्हणून. कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, त्यावर बाहुल्यांची घरं उभी राहिली. मशीन मात्र तिनं कोपऱ्यात तसंच ठेवलं. बाहुल्यांचे कपडे बाबाच शिवत होते. त्यांच्याकडे चिंध्यांची एक पेटी होती, तिच्यात घरातल्या प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा होता. आत्याच्या शालीचा, आजोबांच्या कोटाचा, आईच्या निळ्या झंपराचा. बोटाएवढ्या बाहीला शिवणीच्या आत माया किती सोडायची यावर ते अर्धा अर्धा तास डोकं खाजवत, आणि मग सगळं बिनचूक करत.

गोष्टही तेच सांगत होते. फिल्ममध्ये चष्मा लावलेली एक म्हाताऱ्या शिंप्याची बाहुली खुर्चीत बसून एकेकाचं मरण सांगते, तिचा आवाज बाबांचा. दुपारी जेवणं झाली की ती रेकॉर्डर लावायची आणि बाबा सुरू व्हायचे. मध्येच ती त्यांना टोकायची. "सात नाही बाबा, चार पिढ्या." "आत्या सात वर्षं नाही, नऊ वर्षं जगली." "तूच सांग मग," ते चिडायचे. ही टोकाटोकी इतकी मजेशीर झाली की तिनं ती फिल्ममध्ये तशीच ठेवली. म्हातारा सांगतो आणि पडद्याबाहेरून त्याची मुलगी त्याला दुरुस्त करते.

चार मरणं झाली. पाचवं राहिलं होतं.

पाचवं बटणाचं. बटण म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शिंप्याच्या घरचा, नाक एवढंसं गोल, म्हणून बटण. सहा वर्षांचा असताना घराच्या जिन्यावरून पडला आणि त्याच दुपारी गेला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याला आता चौतीस वर्षं झाली. ज्या घरात जेवताना तोंडी लावायला मरणाचे किस्से लागत, त्या घरात बटणाबद्दल कुणी ब्र काढला नाही.

तिनंही काढला नाही, आणि तिच्याकडे तर सांगण्यासारखं होतं. त्या दिवशी शाळेत फोटो काढणार होते. ती केस चापूनचोपून, दप्तर लावून खाली दारात उभी होती. उशीर होत होता. तिनं वर बघून हाक मारली होती, "बटण, पळत ये, नाहीतर मी चालले!" तो पळत आला. एवढंच. हे एवढंच तिनं चौतीस वर्षं पोटात ठेवलं होतं. आईला सांगायचं सांगायचं म्हणत आई गेली. आता बाबा राहिले होते, आणि डॉक्टरांनी बाबांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं त्यावरून तेही फार दिवस राहणार नव्हते. खरं विचाराल तर फिल्म हे आडवळण होतं. बाबा बटणाचं सांगायला लागले की मध्ये कुठेतरी आपणही आपलं सांगून टाकू, असा तिचा बेत होता. सरळ समोर बसून सांगायची छाती तिला कधी झाली नसती.

"बाबा, एक बाहुली राहिली," एका दुपारी ती म्हणाली.

"कुणाची, माझी? घाई कसली आहे. आहे अजून मी."

"बटणाची."

बाबांनी हातातली सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. मग काढली, पुन्हा खोचली. "तुझी फिल्म हसायची आहे ना?" ते म्हणाले. "त्यात हसण्यासारखं काही नाही."

"नसू दे."

"मग झालं तर." ते उठले आणि जिन्याकडे गेले. पाय सुजले होते, एकेका पायरीवर थांबावं लागत होतं. चढताना नेहमीप्रमाणे ते पुटपुटत पायऱ्या मोजत होते. एक, दोन, तीन, थेट चौदापर्यंत. म्हाताऱ्या माणसाचा चाळा, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

तिनं बाहुली केलीच. गोल नाक, पुढे आलेले कान, डाव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण. जिनाही केला, खऱ्या जिन्याची मापं घेऊन, चौदा पायऱ्यांचा, भिंतीच्या पोपड्यांसकट. कपड्यांचा मात्र तिनं विषय काढला नाही. बटणाची बाहुली तशीच उघडीनागडी टेबलावर ठेवून दिली आणि दुसरी कामं करत राहिली. बापाला ती चांगली ओळखून होती.

चौथ्या दिवशी बाबांना राहवेना. "याला असं उघडं किती दिवस ठेवणार आहेस?" ते खेकसले. "थंडी किती आहे बाहेर!"

"शिवणारा शिवत नाही."

ते उठले. पेटी उघडली, वरच्या चिंध्या बाजूला केल्या आणि अगदी तळातून, कागदात गुंडाळलेला एक तपकिरी तुकडा काढला. टेप घेऊन बाहुलीच्या पायाचं माप घेतलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "लाव तुझं ते यंत्र."

तिनं रेकॉर्डर लावला. तो टेबलावर बाहुलीशेजारी ठेवला.

"कुणा वकिलाच्या कोटाचं कापड उरलं होतं," बाबा म्हणाले. हा त्यांचा किस्से सांगायचा आवाज नव्हता. "त्यातून त्याची पँट बेतली. फोटोसाठी. मुलांचे कपडे वाढत्या मापाचे शिवतात. दोन बोटं वाढ धरायची, आत दुमडायची, पोर उंच होईल तशी सोडायची. तुझी आई म्हणाली, कापड चांगलं आहे, चार बोटं ठेवा, तीन वर्षं जाईल. मी चार ठेवली. आदल्या संध्याकाळी मशीनचा पट्टा तुटला. नवा दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता. मग मी दुमडीला हातानं धावदोरा घातला. म्हटलं, आज कच्चा टाका असू दे, फोटो होऊन जाऊ दे, उद्या पक्की टीप मारू. हातानं पक्कं शिवता आलं नसतं असं नाही. पण एका गिऱ्हाइकाचे काज राहिले होते, आणि मला कंटाळा आला होता."

बाबांनी पाणी मागितलं. प्यायले.

"सकाळी जिन्यात डाव्या पायाचा टाका सुटला. मी दुकानात होतो. मशीन चालू होतं, आधीचं मला काही ऐकू आलं नाही. पडल्याचा आवाज तेवढा आला. धावत गेलो. चार बोटं कापड त्याच्या पावलापुढे लोंबत होतं." ते टेप गुंडाळायला लागले. "बघ ना. स्वतःच्या पँटीत पाय अडकून. पणजोबांच्या शिडीपेक्षा सरस आहे की नाही? दुसऱ्या कुणाच्या घरचं असतं तर मी चौकात उभा राहून सांगितलं असतं."

तिला एकदम बटण गेल्यावर दुकानावर लागलेली पाटी आठवली. 'मुलांचे कपडे शिवले जाणार नाहीत.' लोक म्हणत, शिंप्याला शिंगं फुटली. तीही कॉलेजात असताना एकदा म्हणाली होती.

आता आपलं सांगायची वेळ होती. पण तिचं काय झालं, तर तिला हलकं वाटलं. पँट होती. आपली हाक नव्हती, पँट होती. चौतीस वर्षांचा धोंडा छातीवरून उतरला, आणि तो उतरला म्हणून तिची तिलाच किळस आली. समोर बाप एवढासा होऊन बसलाय, त्यानं तोच धोंडा एकट्यानं वाहिलाय, आणि आपण सुटलो म्हणून श्वास सोडतोय! अशा वेळी सांगितलं असतं तर ते खरं माणूसपण ठरलं असतं. ती सांगणारही होती. "बाबा," असं म्हणालीसुद्धा. पण बाबांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत ते घामानं भिजले, आणि तिनं स्वतःला सांगितलं, आज नको, दमलेत, उद्या दवाखान्यातून आल्यावर सांगू. हेही ती त्यांच्याकडूनच शिकली होती. आज कच्चा, उद्या पक्का.

"पँट कधी मिळेल?" तिनं फक्त एवढंच विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणून विचारतेस की मुलगी म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून."

"मग उद्या," बाबा म्हणाले. सगळ्या शिंप्यांचं ठरलेलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. बाबांना बाकावर बसवून ती केसपेपर काढायला खिडकीशी गेली. रांगेत उभी राहून ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. "बाबा, त्या दिवशी मी खालून हाक मारली होती." बारा शब्दसुद्धा नव्हते. घरी गेल्यावर, जिना चढायच्या आधी, खालच्या पायरीवर बसवून सांगायचं, असं तिनं पक्कं केलं.

इकडे बाबांच्या शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता. त्याच्या कोटाचा उजवा खांदा उतरलेला होता. बाबांनी पाच मिनिटं कळ काढली, मग म्हणाले, हा कोट कुणी बिघडवला? काढा बघू. शिंप्यानं असा हुकूम सोडला की माणूस कोट काढतोच. बाबांनी खिशातून खडू काढला, कोट मांडीवर घेतला, खांद्यावर एक रेघ ओढली. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. "पुढच्याला जाऊ द्या," ते म्हणाले, "माझं काम चाललंय." दुसरी रेघ अर्धीच राहिली.

ती कागद घेऊन परत आली तेव्हा बाबा मान खाली घालून, मांडीवर कोट, हातात खडू, असे बसले होते. कुणालाही वाटावं, नीट बघताहेत. तो माणूस नुसत्या शर्टात कुडकुडत उभा होता. त्याला कळलं होतं, पण कोट मागायचा त्याला धीर होत नव्हता. "तुमचे वडील," तो तिला म्हणाला, "म्हणजे मला वाटतं, ते... माझा कोट..." आणि बिचारा रडायला लागला.

आमच्याकडे असंच जातात. तिला हसू फुटलं, दवाखान्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर. ते हसू थांबवता थांबवता ती फरशीवर बसली. बाबांच्या बोटांतून खडू सोडवताना तिनं रांगेत जुळवलेलं ते वाक्य त्यांच्या कानाशी म्हणून पाहिलं. ऐकणारं कुणी नव्हतं.

सगळं आटोपल्यावर आठ दिवसांनी तिनं दुकान उघडलं. मशीनच्या खणात कागदाची पुडी होती, गिऱ्हाइकाला देतात तशी बांधलेली. आत पँट, तिच्या अंगठ्यापेक्षा थोडी लांब. दुमड नव्हतीच. कापड बरोबर घोट्याशी संपत होतं, आणि कडेला टीप मारलेली होती, एकदा नाही, चार वेळा. इतक्या लहान कपड्यावर मशीनची टीप मारणं म्हणजे डोळे फोडून घेणं. दवाखान्यात जायच्या आधी, पहाटे उठून त्यांनी ती मारली असणार. पुडीत चिठ्ठीही होती, दुकानात असायची तशीच छापील. गिऱ्हाईक: बटण. उंची, कंबर, घेर. त्याखाली एक रकाना असे, वाढ. पूर्वी मुलांच्या मापात तिथं बाबा दोन बोटं लिहायचे. इथं त्यांनी लिहिलं होतं, 'नाही'.

ती चिठ्ठी हातात घेऊन ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं शिंप्याच्या बाहुलीचं काम घेतलं. बाहुलीला बोलतं करायचं म्हणजे आवाज तुकड्यातुकड्यांनी ऐकावा लागतो. प्रत्येक अक्षराला ओठ वेगळे. 'प'ला मिटलेले, 'आ'ला उघडे. ती टाचणीएवढी तोंडं बदलत राहायची आणि एकेक वाक्य पन्नास पन्नास वेळा ऐकायची. बाबांचं सांगणं तिला श्वासांसकट पाठ झालं. 'मशीनचा पट्टा तुटला' यावर तिचा दीड दिवस गेला. बऱ्याच दिवसांनी ती त्या सकाळच्या वाक्यावर आली. 'मशीन चालू होतं, आधीचं मला काही ऐकू आलं नाही.'

'म'ला मिटलेले ओठ. ती बाहुलीचं तोंड बसवत होती आणि हात तिथंच थांबला.

पट्टा तुटला होता. नवा दुपारी यायचा होता. मग सकाळी मशीन चालू कसं असेल?

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. काही ऐकू आलं का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि 'आधीचं' म्हणजे काय? पडण्याआधी ऐकण्यासारखं एकच होतं. तिची हाक. दुकानाचं दार उघडं, मशीन बंद, जिना हाताच्या अंतरावर, आणि दारातून नऊ वर्षांची मुलगी ओरडतेय, पळत ये, नाहीतर मी चालले. बाबांनी ती हाक ऐकली होती. चौतीस वर्षं त्यांना माहीत होतं. आईलाही त्यांनी कळू दिलं नसावं. आणि शेवटी बोलायची वेळ आली, तेव्हा सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन, त्यांनी तिच्यासाठी एक बंद मशीन चालू केलं होतं.

ती ओक्साबोक्शी रडली. म्हणजे आपण कधीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. शाळेतून येताना, भांडी घासताना, आई गेली त्या रात्री. ते म्हणाले असते, माहीत आहे मला, आणि कदाचित काहीतरी वात्रट बोलले असते. मग ती त्यांना म्हणाली असती की चार बोटं आईनं सांगितली होती, बाबा, आणि कंटाळा कुणालाही येतो. एका घरात, एका जिन्यावरून, दोघं रोज वरखाली करत राहिले होते. आता सगळं समजलं होतं आणि सांगायला कुणी उरलं नव्हतं.

बटणाचं पडणं तिनं पूर्वीच कागदावर आखून ठेवलं होतं. घरच्या रीतीप्रमाणे मजेशीर. खऱ्या बटणासारखा तो पायरी पायरीनं घरंगळत येतो, खाली एक गिरकी घेतो आणि सपाट पडतो. लोक हसले असते. तिनं ते कागद फाडले. मग तिनं आणखी एक बाहुली केली, दप्तर लावलेली, केस चापलेली. तिचा झगा तिला स्वतःलाच शिवावा लागला. शिवण वाकडी आली. बाबांनी बघितला असता तर उसवायलाच लावला असता.

रेकॉर्डर घेऊन ती खऱ्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली. बाबांना दुरुस्त करायच्या नेहमीच्याच आवाजात बोलायचं तिनं ठरवलं होतं, तसा आवाज निघाला नाही. जो निघाला तोच तिनं ठेवला.

जिन्याचं चित्रीकरण अकरा दिवस चाललं. पँट घातलेला बटण वरच्या पायरीवर. पाय केसभर पुढे, फोटो. गुडघा केसभर खाली, फोटो. सातव्या पायरीला तिला वाटलं, आपणच त्याला पाडणार. ती बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली, मग परत आली. पँट एकदाही पायाखाली आली नाही.

फिल्म दाखवली ती एका छोट्या सभागृहात, सत्तर-ऐंशी माणसांत. ती मागून दुसऱ्या रांगेत बसली होती. शिडीला लोक हसले. आत्या उठून बसली तेव्हा टाळ्या पडल्या. चादरीच्या कोपऱ्याला हसता हसता काही जणांचा आवाज बसला. मग नवा भाग आला, कोट मांडीवर घेतलेल्या शिंप्याचा. तो पुरता हसण्यात बुडाला, आणि तिला ते आवडलं. बाबांनाही आवडलं असतं.

मग पडद्यावर चौदा पायऱ्या आल्या, आणि बाबांचा आवाज. वकिलाचं कापड, चार बोटं, तुटलेला पट्टा, कच्चा टाका. 'मशीन चालू होतं, आधीचं मला काही ऐकू आलं नाही. पडल्याचा आवाज तेवढा आला.'

"मशीन बंद होतं, बाबा," तिचा आवाज म्हणाला. "पट्टा तुटला होता. मी हाक मारली होती."

सभागृहात कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. जिन्याच्या वरच्या टोकाला गोल नाकाचा मुलगा उभा राहिला. खाली वाकड्या झग्यातली मुलगी. तिनं वर बघितलं.

"बटण, हळू ये रे. मी थांबलेय."

तो उतरायला लागला. इतकी मरणं बघितलेली माणसं, ती आता पडणार म्हणून तयारीत होती. तिसऱ्या पायरीला पुढच्या रांगेत कुणी तरी खुर्चीचा हात घट्ट धरला. आठव्या पायरीला बटण थांबला, भिंतीला हात लावला, पुन्हा निघाला. अकरा. बारा. ती स्वतः पायऱ्या पुटपुटत मोजत होती, हे तिला तेराव्या पायरीला कळलं. चौदाव्या पायरीवरून त्यानं दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, आणि मुलीनं त्याचा हात धरला. मग ती दोघं फोटो काढायला निघून गेली.

मागच्या रांगेतून कुणा म्हातारीनं मोठ्ठा श्वास सोडला.

"पोचला गं बाई," म्हातारी शेजारणीला म्हणाली. "माझा तर जीव टांगला होता. पोचला एकदाचा."

पुढच्या रांगेतून ती मागे वळली. तोंडावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"हो, आजी," ती म्हणाली. "पोचला."